गावाचं नाव न सांगणारे साडू

माझ्या साडूंइतका संशयी माणूस नागपूरच्या वरच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात दुसरा झाला नाही. देवावर तेवढा त्यांचा विश्वास होता, तोही देव फोटोत येत नाही म्हणून. सरकारी नोकरी पांढुर्ण्याला, घर सौंसरला. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत सुट्टी आली की डोंगरातली, रस्ता न पोचलेली गावं हुडकायची आणि तिथल्या माणसांचे फोटो काढायचे, हा त्यांचा नाद. हुडकलेलं गाव मात्र सख्ख्या बायकोलाही सांगायचं नाही. नागपूरचे फोटोवाले आपल्या मागावर आहेत, याची त्यांना खात्रीच होती. त्यामुळे सौंसरहून जायचं असे वर घाटाकडे, तर हे तिकीट काढत खाली लोधीखेड्याचं. तिथे उतरून चहा पीत, मागून कोण उतरलं ते बघत आणि उलट्या गाडीनं परत येत. कॅमेरा पिशवीत, त्यावर खरीखुरी संत्री. एकदा कंडक्टरनं सहज विचारलं, "कोठी चालले, साहेब?" तर हे म्हणाले, "तुले कोणं विचाराले सांगतलं?" फिल्मसुद्धा बाहेर धुवायला देत नसत. न्हाणीघर बंद करून स्वतः धूत, आणि माझी मेहुणी तेवढा वेळ अंघोळीवाचून बसून असे.

ज्याचा फोटो काढला त्यालाही ते फोटो देत नसत. "फोटो बाहेर गेला का गाव फुटलं समजा, गुरुजी," असं मला बजावत. मी शाळामास्तर, मला रस्ते लक्षात राहत नाहीत, या एकाच गुणावर त्यांनी मला एकदा बरोबर नेलं. चार तास चढून गावात पोचलो, तर पटापट दारं लागली. गावाला वाटलं, मागच्या वर्षी फोटो काढून गेलेला माणूस आता धरणासाठी जमिनी मोजायला आला. साडूंना वाटलं, आपल्यामागून कोणी फोटोवाला येऊन गेला. बराच वेळ दोन्ही बाजू एकमेकांना नुसत्या निरखत होत्या. शेवटी एक म्हातारी पुढे आली. संत्र्याच्या तोडीला ती दरसाल खाली येई, म्हणून आमची बोली बोलत होती.

"मागच्या साली माह्या पोराचा फोटू काढला होता तुमी. तो तापानं गेला. तेवढा फोटू द्या, बाप्पा. तोंड इसरून राहिली मी त्याचं."

साडूंनी कॅमेरा परत पिशवीत घातला आणि वर संत्री रचली. परतताना मी त्यांच्यावर भयंकर चिडलो, नको ते बोललो. आठ दिवसांनी सकाळीच ते माझ्या दारात उभे. "चला," एवढंच म्हणाले.

म्हातारीनं फोटो लगेच हातात घेतला नाही. आधी साडूंनाच तो उलटा करायला लावला आणि मागची बाजू कोरी असल्याची खात्री केली.

"अंगठा कोठी लावा लागन?"

"कोठीच नाही, माय."

"मंग माही जमीन?"

"जमीन तुहीच हाये."

तरी ती साडूंच्या तोंडाकडे पाहत राहिली. इतक्या संशयानं साडूंकडे कधी कोणी पाहिलं नसेल. मग तिनं फोटो घेतला, पदरानं पुसला आणि लेकाच्या गालावरून बोट फिरवलं. साडूंनी खिशातून निगेटिव्ह काढून तिच्या हातावर ठेवली.

"हेबी ठेव. माह्याजवळून कोणी नेली त?"

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा एकही फोटो कुठे छापून आला नाही, याचं मला वाईट वाटतं. पण त्यांची आठवण आली की त्या दिवसाची परतीची गाडीच डोळ्यांपुढे येते. "तिनं भरोसा ठेवला ना माह्यावर, गुरुजी?" सौंसर येईस्तोवर त्यांनी हे मला तीनदा विचारलं, आणि तिन्हीदा मी हो म्हणालो.