चार वाजल्यानंतरची पाहुणी

वेलिकाबाईंकडे मी आठ दिवसांसाठी म्हणून गेले, त्याला आता अकरा वर्षं झाली. मदतनीस बाई टिकवायची कशी, हे विचारायला आज तीन गावांतून लोक त्यांच्याकडे येतात. त्या वेळी मी त्यांच्या खुर्चीमागे उभी असते आणि माझी मान ताठ असते, खोटं कशाला बोलू?

तेव्हा मात्र ग्रीसला म्हाताऱ्यांची सेवा करायला जाण्याचं माझं पक्कं होतं. आठ दिवसांनंतरच्या बसचं तिकीट पर्समध्ये होतं. आमच्या मारित्सा नदीकाठच्या गावातल्या निम्म्या बायका तिकडेच गेल्यात.

वेलिकाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. आजारपणात पाय गेले, बोटं वाकडी झाली. उठायला, न्हायला, खुर्चीत बसायला दुसऱ्याचे हात लागायचे. तीन वर्षांत चार मदतनीस सोडून गेल्या होत्या. धाकट्या भावानं, अतानासनं, बजावून ठेवलं होतं, की पाचवीही गेली तर ऑक्टोबरात सरळ आश्रम. तिथे एका खोलीत आठ जणी राहायच्या, आणि खिडकीजवळची खाट मिळायला कुणीतरी मरावं लागायचं.

चौघी का गेल्या, ते बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "चूक माझी. 'तू घरचीच' म्हणायचे आणि घरचं सगळं तिच्या गळ्यात मारायचे. शेवटची तर मिरच्या भाजताना रडत होती. मी म्हटलं, धूर गेला असेल डोळ्यात."

आमच्याकडे माया अशीच करतात. आधी लेक म्हणायचं, मग हातात कुदळ द्यायची.

माझ्या सहाव्या दिवशी, सप्टेंबरातल्या शनिवारी, अतानास बायकोला आणि चार पोती लाल ढोबळ्या मिरच्या घेऊन आला. वर्षाची ल्युतेनित्सा करायची होती. मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोत आटवून बरण्या भरायच्या. अंगणात भट्टी पेटली आणि त्यानं अॅप्रन माझ्यापुढे धरला. "घाल, दोन्का. तू काय परकी आहेस?"

मला पर्समधलं तिकीट आठवलं.

"तो अॅप्रन मला बांध," बाई म्हणाल्या, "आणि टेबलाशी ने."

मी नेलं. बाई वाकड्या बोटांनी मिरची सोलायला लागल्या. एका मिरचीला अतानासची अख्खी सिगारेट संपली. तो म्हणाला, "ताई, हे काय चालवलंयस?"

"घरचं माणूस हवं होतं ना तुला? मी आहे की. दोन्का माझ्यासाठी आलीय, तुझ्या बरण्यांसाठी नाही."

"आणि हीपण गेली तर?"

"तर जाईन आश्रमात. पण हिला गोड बोलून राबवणार नाही."

अतानासनं हातातली दुसरी सिगारेट विझवली आणि तो सोलायला बसला.

चार वाजता बरण्या भरून झाल्या. बाई मला म्हणाल्या, "तुझा दिवस संपला, पोरी. थांबायचं तर पाहुणी म्हणून थांब."

मी थांबले. अतानासच्या बायकोनं खुर्ची सरकवली. बाईंनी स्वतःच्या हातांनी पावावर गरम ल्युतेनित्सा लावली, अर्धी त्यांच्याच मांडीवर सांडली, आणि ताटली माझ्यापुढे ठेवली. मी सहसा रडत नाही. त्या दिवशी रडले, आणि भट्टी तर केव्हाच विझली होती.