तांबेकाकांची मागची सीट

"असं नाही मॅडम. गुडघा दुखतोय असं समजून उतरा," तांबेकाका म्हणाले.

मी पुन्हा एसयूव्हीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले आणि गुडघा दुखतोय असं समजून खाली उतरले. काकांचं काही समाधान होईना.

"चेहऱ्यावर दिसलं पाहिजे ना! एवढ्या सहज आमची मंडळी उतरत नाहीत."

"काका, सकाळपासून चढउतार करून आता खरंच दुखायला लागलाय."

"हां, मग आता सेडानमध्ये बसा."

मी अंबरनाथला एका कार शोरूममध्ये सेल्स कन्सल्टंट आहे. म्हणजे गाड्या विकते. बाकी काय काय करावं लागतं ते मुलाखतीत कोणी सांगत नाही. तांबेकाका कात्रपला राहतात. उंच, ताठ, फॅक्टरीच्या इन्स्पेक्शन विभागातून रिटायर झालेले. काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. रिक्षातले धक्के सोसवत नाहीत म्हणून त्यांनी बाहेर जाणंच सोडलं होतं. सख्खी बहीण विठ्ठलवाडीला, पण कित्येक महिने दोघींची भेट फक्त फोनवर. म्हणून मुलगा निखिल गाडी घेणार होता, आणि निवड करायची जबाबदारी काकांनी स्वतःकडे घेतली होती.

"मग काकूंनाच आणा ना एकदा," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

"तिला कशाला त्रास? आणि तिला गाडीतलं काय कळतंय? तुमची उंची बरोबर तिच्याएवढी आहे. तुम्ही बसा, मी बघतो."

तेव्हापासून आमच्या शोरूममध्ये काकू मीच होते.

आता थोडं धंद्यातलं सांगते. एसयूव्ही उंच असते. डोक्यावर भरपूर जागा मिळते, त्याला आम्ही हेडरूम म्हणतो. सीटही उंच, त्यामुळे गुडघे फार वाकवावे लागत नाहीत. पण आपल्याकडे जास्त खपते ती छोटी एसयूव्ही. ती उंचीला मोठी असली तरी लांबीला आखूड असते. त्यामुळे मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढची जागा, म्हणजे नीरूम, कमी पडते. सेडान बुटकी पण लांब. मागे पाय ऐसपैस राहतात, पण बसताना खाली जावं लागतं आणि उतरताना कोणीतरी हात द्यावा असं वाटतं. हे सगळं मी काकांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला पुन्हा बसायला लावलं.

शेवटी आमचे मॅनेजर लालवानी सर केबिनमधून बाहेर आले.

"वैशाली, गाडी बेच रही है की गुडघ्याचा दवाखाना खोला है?"

"सर, कस्टमर कंपेअर करतायत."

"एसयूव्ही दे दो ना बाबा! सेडान आजकल कोण घेतं?"

काकांचा कलही तिकडेच होता. सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या पाटलांकडे एसयूव्ही आली होती, हे त्यांनी मला सहज म्हणून तीनदा सांगितलं होतं. पण मला राहवेना. दुसऱ्याच्या गुडघ्यावर गाडी घेतली आणि काकूंना जमलं नाही, तर ती पार्किंगमध्येच उभी राहणार. मी सरांना विचारून दोन्ही गाड्या कात्रपला न्यायचं ठरवलं. एक मी चालवत नेली, दुसरी आमच्या ड्रायव्हरने.

काकू खाली आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून, हातात पर्स घेऊन. नुसतं बसून बघायचं होतं, पण त्या बाहेर जायच्या तयारीने आल्या होत्या.

काकांनी एसयूव्हीचं मागचं दार उघडलं. काकू निखिलच्या खांद्याला धरून कशाबशा चढल्या. पाय अधांतरी राहिले.

"अहो, माळ्यावर काय चढवताय मला?"

मग सेडानची मागची सीट. तिथे त्या एकदम खाली गेल्या. उतरताना निखिल आणि मी, दोघांनी ओढून काढलं.

"ही तर विहीरच आहे," काकू म्हणाल्या.

"मग आता काय हेलिकॉप्टर आणू?" काका वैतागले.

काकूंचा चेहरा उतरला. "राहू दे रे निखिल. उगाच खर्च नको. मी घरीच बरी." आणि त्या लिफ्टकडे वळल्या.

"काकू, थांबा. तुम्हाला कुठे बसायचंय?" मी विचारलं. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्यांनी सेडानच्या पुढच्या सीटकडे बघितलं. "पुढे बसलं तर चालतं का?"

"पुढे मी असतो," काका म्हणाले. "रस्ता कोण सांगणार?"

"बाबा, रस्ता मोबाईल सांगतो," निखिल म्हणाला.

आपल्याकडे हे ठरलेलंच असतं. चालवणाऱ्याशेजारी घरातला कर्ता पुरुष, बायका मागे. काकू स्कूटरवर मागे, टॅक्सीत मागे, स्वतःच्या लग्नाच्या गाडीतही मागेच बसल्या होत्या.

पुढचं दार मोठं उघडतं. काकू आधी आडव्या बसल्या आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले. तळवे व्यवस्थित टेकले. मी सीट मागे सरकवायचा खटका दाखवला. त्यांनी सीट अगदी शेवटपर्यंत मागे नेली, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "अगं बाई!" उतरतानाही आधी दोन्ही पाय बाहेर टेकवले आणि दाराला धरून एकट्याच उठल्या. गुडघ्यांना काय हवं होतं ते एवढंच.

काका मात्र हटेनात. "पुढेच बसायचं तर एसयूव्हीत बस. चढायला फूटबोर्ड लावून घेऊ. मागे जागा भरपूर आहे, मी तपासलीय."

तपासली होती ती मला बसवून, स्वतः बसून नाही.

ठीक आहे म्हटलं. निखिल एसयूव्ही चालवायला बसला, शेजारी काकूंना चढवलं, मागे मी आणि काका. काकूंनी बसल्याबसल्या सीट मागे नेली. पालेगावच्या खोदलेल्या रस्त्यावर पहिला खड्डा आला आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"सुमन, सीट जरा पुढे घे."

"का हो? मागे जागा भरपूर आहे ना?"

काकांनी मला सरकायला लावून निखिलच्या मागे बसून बघितलं. पण निखिल बापाएवढाच उंच, तिथेही तीच गत. परत येईपर्यंत काका गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते. गुडघा दुखतोय असं समजायची त्यांना काही गरज नव्हती. चेहऱ्यावर व्यवस्थित दिसत होतं.

त्याच रस्त्याने आम्ही सेडान फिरवली. काकूंची सीट पुन्हा तेवढीच मागे. काकांच्या गुडघ्यापुढे तरीही चार बोटं जागा उरली. त्यांनी ती दोनदा मोजून बघितली.

"मॅडम," उतरल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "सगळ्या बाजूंनी विचार करता सेडानच योग्य वाटते."

"आणि पाटलांची एसयूव्ही?" काकूंनी विचारलं.

"पाटलांच्या मिसेस मागे बसतात."

डिलिव्हरीच्या दिवशी हार झाला, नारळ झाला, फोटो झाला. काकांनी सवयीने पुढचं डावं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला. काकू पर्स घेऊन बाजूला उभ्या राहिल्या.

"अहो, मागे."

काका निमूट मागे गेले. गाडी गेली ती थेट विठ्ठलवाडीला, काकूंच्या बहिणीकडे.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी हेडरूम, नीरूमचं नंतर बोलते. आधी विचारते, कोण कुठे बसणार? आणि मागे भरपूर जागा आहे असं जो सांगतो, त्यालाच पहिल्यांदा मागे बसवते.