गालाला लावलेला कापूस

ऐंशी सालच्या सुमारास जिंतूरच्या कापूस खरेदी केंद्रावर मी कापसाची प्रत ठरवणारा नवा ग्रेडर होतो आणि तो गाड्या रिकाम्या करणारा हमाल. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडी आली की तो कोपरापर्यंत हात खुपसून तळातला कापूस काढायचा आणि डोळे मिटून गालाला लावायचा. वजन वाढावं म्हणून तळाला पाणी मारलं असेल, तर ओल लगेच कळायची.

मी नुकताच सचोटीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. टिपणांनी वही भरली होती. त्याच आठवड्यात माझ्या सख्ख्या मामांची बैलगाडी आली. मी वरवरचा कापूस चाचपला आणि म्हणालो, "वाळलेला हाय, घ्या."

हमालानं तळातली मूठ काढली आणि या वेळी ती माझ्या गालाला लावली. गार लागली.

"वही ऱ्हाऊ द्या सायेब," तो हळूच म्हणाला, "गालाला इचारा."

मी गाडी परत पाठवली. मामा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

पुढं नव्या ग्रेडरांना तेच प्रशिक्षण मी द्यायला लागलो. वह्या उघडायच्या आधी मी प्रत्येकाच्या गालाला ओल्या कापसाची मूठ लावायचो. हे कुठं शिकलात, असं कुणी विचारलं, की ताठ मानेनं सांगायचो, आमच्या हमालाकडं.