बिल्ले कोण लावणार

सरांनी मला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

यवतमाळच्या कॉलेजात माझं दुसरं वर्ष. तोवर कोणत्याच सरांच्या खोलीत मी बसली नव्हती. दाराशी उभं राहायचं, विचारलं तेवढं सांगायचं, निघायचं. त्या दिवशी सरांनी स्वतःच्या हातानं खुर्ची ओढली. "बस. बस ना, उभी का?" मी टोकावर बसली. अंग चोरून.

"तू सगळ्यांत पहिली आलीस," सर म्हणाले. "मला अतिशय आनंद झाला."

मी पाघळली. दुसरा शब्द नाही त्याला.

आमच्या कॉलेजात गुणवंत मंडळ होतं. दरसाल परीक्षेत पहिले दहा येतील ते मंडळात. सर त्याचे प्रमुख. मंडळात गेलं की दोन गोष्टी मिळायच्या. लायब्ररीतल्या कुलूपबंद कपाटातली पुस्तकं घरी न्यायला मिळायची, अन् रविवारी सकाळी खास वर्ग व्हायचा. बाकीच्यांनी ते कपाट काचेतून पाहायचं. मी वर्षभर पाहिलं. कोणतं पुस्तक कशाच्या बाजूला ठेवलं आहे ते पाठ झालं होतं, आतलं एक पान ठाऊक नव्हतं. मला बी.ए.ला फर्स्ट क्लास पाहिजे होता. पुढे जाऊन कॉलेजातच शिकवायचं होतं, याच सरांसारखं फळ्यापाशी उभं राहून. आमच्या वस्तीतली पोरगी! ही गोष्ट मी कोणाजवळ बोलली नव्हती. त्या कपाटाशिवाय ते जमणार नाही, एवढं मात्र मला पक्कं समजलं होतं.

अन् मंडळाची एक प्रथा होती. समारंभात पहिल्या नंबरच्यानं सरस्वतीच्या फोटोला गंध-फूल वाहायचं. मग बाकी नऊ जणांच्या छातीवर आपल्या हातानं पितळी बिल्ला लावायचा. त्याचा स्वतःचा बिल्ला शेवटी समारंभाचे अध्यक्ष त्याच्या हातात द्यायचे. आदल्या वर्षी एका वकिलाची पोरगी पहिली आली होती. तिनं नऊही पोरांचे सदरे धरून बिल्ले लावले होते. एकाला टाचणी टोचली, सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या. म्हणजे पोरगी असण्याची काही अडचण नव्हती. मी मागच्या भिंतीशी उभी राहून पाहत होती अन् मनात म्हणत होती, पुढच्या साली मी.

"आता असं आहे," सर म्हणाले, "तुम्ही लोक बौद्ध झालात. देवाची पूजा करीत नाही. बरोबर ना?"

"हो सर."

"मग तुला गंध-फूल वाहायला लावणं म्हणजे तुझ्या धर्मावर जबरदस्ती होईल. मला ते पटत नाही. दुसऱ्या नंबरचा मुलगा सगळं करील. तू फक्त दोन ओळी लिहून दे. तुझा बिल्ला टेबलावर ठेवलेला असेल, तो तू घे."

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रवेशाच्या फॉर्मवर मी धर्म 'बौद्ध' लिहिला होता. कारकुनानं तो लाल शाईनं खोडला अन् 'हिंदू हरिजन' लिहिलं. मी तक्रार घेऊन याच सरांकडे गेली होती. तेव्हा सर म्हणाले होते, "धर्म म्हणजे काय सदरा आहे? आज हा, उद्या तो?" ती लाल शाई तशीच राहिली. अन् आज तेच सर मला तोंडानं बौद्ध म्हणून राहिले होते. माझ्या धर्माची काळजी करून राहिले होते. मला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

सरांनी सांगितलं, मी लिहिलं. 'मी बौद्ध धर्मीय असल्याने समारंभातील प्रथम क्रमांकाचे काम करू शकत नाही. तरी ते दुसऱ्या विद्यार्थ्याकडे द्यावे. हे मी स्वखुशीने लिहून देत आहे.'

स्वखुशीने! अक्षर सुवाच्य काढलं. सही केली. वरून "थँक्यू सर" म्हणाली. अशी मी शिकलेली.

घरी आली. आम्ही जिनिंगच्या मागच्या वस्तीत राहायचो. माय जिनिंगात कापूस निवडायला जायची. संध्याकाळी परत आली की डोक्याला, भुवईला, सगळीकडे कापूस चिकटलेला. ती दाराशी बसून केस झटकत होती अन् मी तिला कौतुकानं सगळं सांगत होती. पहिला नंबर, मंडळ, कपाट, सरांनी दिलेली खुर्ची, धर्माचा ठेवलेला मान.

मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पयला नंबर कोनाचा?"

"माह्या."

"मंग बिल्ले त्या पोट्ट्यानं काहून लावाचे?"

"आपला धरम आडवा येते ना माय. सर म्हनाले."

"त्या सरले आपल्या धरमाचं कवापासून समजाले लागलं वं?"

मी तिच्या केसांतला कापूस काढायला लागली.

"गंध-फूल आपन करत नाई. ते नोको करू. पन बिल्ला काय देव हाये? टाचनीले का धरम राह्यते?" माय केस झटकायची थांबली होती. "त्याहीले तुह्या हात लागू द्याचा नाई. अन् ते तुह्याच हातानं लिहून घेतलं. शिकली माही बाई, शायनी झाली!"

बापा! सणसणीत कानाखाली बसावी तसं झालं मला. तिनं आवाजसुद्धा चढवला नव्हता.

छप्पन साली माय नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. तेव्हा आम्ही राळेगावकडच्या खेड्यात होतो. आल्या आल्या तिनं घरातले देव गाठोड्यात बांधले अन् नदीत सोडले. कोणाला विचारलं नाही, बापालाही नाही. गावानं कामाला बोलावणं बंद केलं. विहिरीवरून हाकललं. माय गावापुढे वाकली नाही, गाव सोडून यवतमाळला आली. तिनं धर्मासाठी गाव सोडलं होतं. अन् मी त्याच धर्माचं नाव कागदावर लिहून माझी जागा सोडून आली होती. रात्रभर मला हेच डाचत होतं. सरांचा राग आला होता, पण त्याहून जास्त माझा मला आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र परत मागायला गेली. आज खुर्ची नव्हती.

"ते आता ऑफिसात जमा झालं," सर मान वर न करता म्हणाले. "अन् नाटकं कशाला करतेस? कपाट हवं आहे ना तुला?"

पाहिजे होतं. तेच तर होतं! सरांना माझी दुखरी नस बरोबर सापडली होती. समारंभ दोन दिवसांवर होता. ते दोन दिवस मी दर तासाला मन बदलत होती. एकदा वाटायचं, जाऊ दे, गोड बोलून कपाट पदरात पाडून घे, पाच मिनिटांचा तर कार्यक्रम आहे. मग मायचं ते "शायनी झाली" कानात वाजायचं.

समारंभ दुपारी होता. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत गावातली मोठी माणसं अन् त्यांच्या बाया. आम्ही दहा जण स्टेजखालच्या बाकावर. नऊ पोरं एका अंगाला, मधे हातभर जागा, मग मी. ती जागा कोणी ठेवायला सांगितली नव्हती. आपोआपच ठेवली होती.

सरांनी माझं पत्र वाचून दाखवलं. "किती समंजस मुलगी," असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माझा हक्क सोडला म्हणून टाळ्या! दुसऱ्या नंबरच्यानं फोटोला गंध लावलं, फूल वाहिलं, अन् बिल्ल्यांचं ताट उचललं.

मी उठली.  थेट स्टेजवर गेली.

"ते ताट इकडे दे," मी म्हटलं.

त्यानं गोंधळून देऊन टाकलं अन् तो खाली बाकावर जाऊन बसला.

"गंध-फूल झालं," मी मोठ्यानं बोलली. "ते मी करणार नव्हती, ते बरोबर आहे. पण बिल्ले लावणं म्हणजे पूजा नव्हे. ते पहिल्या नंबरचं काम आहे. पहिला नंबर माझा आहे. बिल्ले मी लावणार."

 पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "पाहा, कानामागून आली अन् तिखट झाली!" सगळ्यांना ऐकू गेलं.

सर जवळ आले. दातओठ खात, हळू आवाजात, "हे तुझ्याच हातचं पत्र आहे."

"अक्षर माझं आहे सर. मजकूर तुमचा आहे."

मग अध्यक्ष उठले. मोठे सज्जन गृहस्थ, खादी घालणारे. म्हणाले, "बेटा, आम्ही जातपात मानणारे नाही. पण चारचौघांच्या भावना पाहाव्या लागतात."

"मानत नाही ना? मग या चारचौघांतून एक जण पुढे येऊ द्या. एकच."

मी ताट धरून उभी राहिली. समोर नऊ पोरं. रोज एका वर्गात बसणारी. खाली उतरून बाकावरच्या पहिल्या पोराजवळ गेली, तो खाली पाहायला लागला. दुसऱ्या नंबरच्याजवळ गेली. त्यानं पटकन छातीवरचा खिसा हातानं झाकला. तर्कशास्त्राच्या नोट्स तो माझ्या वहीतून उतरवून घ्यायचा. महिना महिना वही त्याच्या घरी राहायची. वही चालायची, हात चालत नव्हता.

शेवटच्या टोकाला पुसदकडच्या बंजारा तांड्यावरचा एक जण होता. तो अर्धा उठला. शेजारच्यानं त्याचा सदरा खाली ओढला. तो बसला.

ताट जड झालं होतं. परत स्टेजवर जाऊन ते मी टेबलावर ठेवलं. माझा बिल्ला तिथंच पडला होता, त्याला हात लावला नाही. सरांच्या हातातून पत्र घेतलं, अध्यक्षांच्या पुढ्यातला पेन उचलला अन् सगळ्यांसमोर वाकून खाली लिहिलं. 'वरील मजकूर मला सांगून लिहून घेतला आहे. मला धर्माची अडचण नाही. मंडळाला माझ्या हाताची अडचण आहे.' सही केली. लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. पत्र सरांच्या हातात परत दिलं.

"आता जमा करा," म्हटलं अन् खाली उतरली. टाळ्या नाही. 

दोन दिवसांनी नोटीस लागली. शिस्तभंग केल्यामुळे मंडळातून नाव कमी. कपाट बंद, रविवारचा वर्ग बंद. पहिला नंबर मात्र तिथंच बाजूच्या बोर्डावर लागलेला होता, तो त्यांना खोडता आला नाही.

मी रडली. शूरवीर वगैरे काही नाही, घरी जाऊन दोन दिवस रडली. अपमानासाठी नाही, त्या पुस्तकांसाठी. मायनं पहिल्या दिवशी रडू दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "झालं असंल तर पुस्तक काढ. नाई त जिनिंगात चाल माह्यासंग, तथी बाया पायजे हाये." मी पुस्तक काढलं.

पुढच्या आठवड्यात तो तांड्यावरचा पोरगा मला लायब्ररीच्या मागे गाठून म्हणाला, "माह्या बिल्ला तू लाव." हातात बिल्ला धरला होता. इकडे तिकडे पाहून राहिला होता, कोणी येते का म्हणून.

"त्या दिवशी काहून बसला?"

"मी तांड्यावरचा वं. मलेच त्यायनं कसंबसं घेतलं हाये. माह्यंबी नाव कापलं असतं."

खरं बोलला. त्याचा राग नाही आला मला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं, मलाही बरं वाटलं असतं, अन् सरांचं काहीच बिघडलं नसतं.

"इथं भिंतीमागं लावत नाही," मी म्हटलं. "स्टेजवर लावीन. पुढच्या साली. तेव्हा उठशील तर पुरा उठजो."

तो गेला. मी तिथंच उभी राहून मनाशी निश्चय केला. अन् तो मी आज सांगते तसाच्या तसा केला होता.

मी पुढच्या साली पहिली येणार. कपाटाशिवाय येणार. त्याच्या पुढच्या सालीही येणार. प्रत्येक साली यांना समारंभ घ्यावा लागेल अन् प्रत्येक साली मी त्या स्टेजवर जाऊन ताट मागणार. नाव कमी करतील, करू देत. हॉलच्या दाराला कुलूप लावतील, दाराशी उभी राहीन. प्रथा मोडायची असेल तर त्यांनी उघड मोडावी, खरं कारण लिहून मोडावी अन् खाली स्वतःची सही करावी. धर्माचं नाव पुढे करून माझ्याकडून आता एक ओळही लिहून मिळणार नाही. अन् ज्याला माझ्या हाताचा विटाळ होतो, त्यानं माझ्याहून जास्त मार्क आणावे.