बापाच्या बाजूचा पुरावा

भोरमध्ये अर्धवट काम करणारी माणसं मुबलक आहेत, मीही त्यांतलाच एक. पण हाती घेतलेलं काम पुरतं केल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही असं माणूस अख्ख्या तालुक्यात एकच आहे, आणि ते नेमकं माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून पाण्याच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान थाटून बसलं आहे. या शेजारीणबाईंकडे मिक्सर द्यायची सोय नाही. मिक्सर सुधारतोच, पण तो पोचवायला त्या स्वतः घरी येतात आणि आधी तुमच्या भिंतीवरचं बटण उघडून बघतात. आमच्याकडे अशाच आल्या आणि बघता बघता पंखा, गिझर, देवघरातली दिव्यांची माळ सगळं उतरवून ठेवलं. वर माझ्या बायकोला विचारतात, "असलं वायरिंग ठिवून झोप कशी लागती ओ तुमाला?" बायको नंतर माझ्यावर ओरडली. त्यांच्यावर कोणी ओरडत नाही. उपयोग होत नाही.

काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या शर्ट-पँटीत असत आणि आम्ही त्यांना मिस्त्री म्हणायचो. मग आपण मनातून जन्मभर जी बाई आहोत ती आता उघडपणे व्हायचं असं त्यांनी ठरवलं, आणि हे कामही पुरतंच केलं. औषधं, ऑपरेशन, साडी हे झालंच; पण राजपत्रात नाव बदललं, मग आधार, पॅन, रेशनकार्ड, मतदार यादी, बँक, गॅसचं पुस्तक, इतकंच काय जन्मगावच्या, हिर्डोशीच्या शाळेतला स्वतःचा दाखलासुद्धा. सगळ्याच्या झेरॉक्स माझ्याच मशीनवर निघाल्या. मी म्हणायचो, बाई, पुरे की आता. त्यांचं उत्तर ठरलेलं: "जुनी तार आत ऱ्हायली की मोटार परत जळती भाऊ." गाव काही दिवस कुजबुजलं, मग ऐन उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारी जळायला लागल्या तशी माणसं गुपचूप परत आली. त्यांची मुलगी कोमल तेवढी पहिल्यापासून 'पप्पा'च म्हणत राहिली. तिची आई ती पाळण्यात असतानाच गेली. तिला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, शाळेत सोडलं ते याच एका माणसानं.

यंदा कोमलला पुण्यात नर्सिंगला जागा मिळाली. जातीचा दाखला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दिला नाही तर ती जागा जाणार होती. हा दाखला निघतो बापाच्या बाजूनं. कोमलच्या नावात मधोमध बापाचं जुनं नाव, आणि त्या नावाचा माणूस सरकारदरबारी कुठंच शिल्लक नाही, इतकं चोख काम बाईंनी करून ठेवलेलं! तहसील कचेरीतल्या कारकुनानं राजपत्र उलटसुलट करून पाहिलं, वडिलांच्या रकान्यात बाई कशी दाखवू म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "वडील वारले असं प्रतिज्ञापत्र करून टाका. चुलत्याचा दाखला जोडा. संध्याकाळी मोकळे."

झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन मीही सोबत गेलो होतो, मी मान हलवून नको म्हटलं. शेजारीणबाई मात्र लगेच म्हणाल्या, "लिवा. म्या मेले असं लिवा. पोरीची जागा जायला नगं."

कोमल ताडकन उठली. "मी सही करणार नाही."

"कोमल, गप."

"जागा गेली तर जाऊ दे. पप्पा इथं समोर बसल्यात आणि मी लिहू, वारले म्हणून?" सगळी कचेरी आमच्याकडे बघायला लागली.

कारकून वैतागला. "मग सख्ख्या भावाला आणा साहेबांपुढं. ही तीच व्यक्ती, असं त्यांनी तोंडानं सांगावं. उद्या दुपारच्या आत."

इथंच खरी अडचण होती. बाईंनी साडी नेसल्या दिवसापासून हिर्डोशीच्या थोरल्या भावानं बोलणं टाकलेलं. कोणी विचारलंच तर मला भाऊ न्हाई, म्हणायचा. बाईंचा फोन तो उचलेना म्हणून शेवटी मी केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हिर्डोशीहून सकाळची एसटी आली, तीत तो नव्हता. आम्ही कचेरीच्या बाकावर बसून राहिलो. डोक्यावरचा पंखा बंद होता. बाईंनी एकदा वर पाहिलं, हात पिशवीतल्या पक्कडीकडे गेला आणि तसाच परत आला. तेव्हा मात्र मी खरोखर घाबरलो. कोमल नखं खात होती.

पुढची गाडी आली आणि फाटकातून तो आत आला. टोपी, पायाला भाताच्या खाचरातला वाळलेला चिखल. बहिणीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. साहेबांनी कागद पुढे ओढले. "या तुमच्या कोण?"

त्यानं टोपी काढून हातात घेतली. साहेबांनी पुन्हा विचारलं. कोमलनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"माज्या पाठची हाय ती," तो म्हणाला. "आदी येगळं नाव व्हतं. ही पोर माज्या बापाची नात. कुठं सई करू?"

दाखला निघाला. तो चहालाही थांबला नाही, आम्हीच त्याच्या मागोमाग स्टँडवर गेलो. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून, पाठमोराच, तो म्हणाला, "आपल्या आयेला म्या काय बी सांगितलं न्हाई. आता दिसत बी न्हाई तिला. तुजी वाट बगती लई." गाडी हलली.

कोमल आता पुण्यात आहे, पोरगी रमली आहे. शेजारच्या दुकानात मोटारी सुधारतायत. दुपारी रस्त्यानं हिर्डोशीची गाडी गेली की बाईंचं काम थोडा वेळ थांबतं. मी म्हणतो, बाई, एकदा जाऊन या, दुकान मी बघतो. परवा हातातली तार खाली ठेवून त्या म्हणाल्या, "जायचंय ओ भाऊ. पर दारात म्या हुबी ऱ्हायले, तर आये हाक कुणाला मारंल? तिच्या लेकाला का मला?"

मी माझं दुकान तसंच उघडं टाकून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.