सोमा तोमिएने विणलेली नवरी

सोमा तोमिए पंचेचाळीस वर्षं क्रोशाच्या बाहुल्या विणत आली. जपानच्या उत्तर टोकाला, आमच्या त्सुगारूत, लोकर घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या पुष्कळ, पण तोमिएची बाहुली लांबूनही ओळखू येई. गाल लाल, डोक्याला रुमाल, हातात वालाएवढं सफरचंद. हमरस्त्यावरच्या दुकानात त्या भराभर खपत, आणि तोमिएला त्याचं मुळीच कौतुक नव्हतं. कुणी स्तुती केलीच तर म्हणायची, "त्यात काय मोठंसं? सहा मुक्या खांबांचं, आखूड टाक्यांचं, कडं करायचं, वाढवत न्यायचं, कंटाळा आला की घटवायचं, कापूस कोंबायचा. झालं डोकं. काही माणसांचीही अशीच केली असावीत."

मुलाचा विषय निघाला की मात्र ती उठून चहाचं पाणी ठेवायला जाई.

कात्सुयुकी तिचा एकुलता एक. एकोणतिसाव्या वर्षी, फेब्रुवारीत, छपरावरचं बर्फ काढताना गेला. वर चढायला तिनेच सांगितलं होतं. बर्फाच्या भाराने स्वयंपाकघराचं दार अडकायला लागलं होतं. अख्खी रास घसरली आणि त्याला घेऊन खाली आली. तोमिए आत मिसोचं सार ढवळत होती. धप्प आवाज तिला आला, पण तसले आवाज त्या दिवसांत रोजचेच. जेवायला हाक मारली तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. ही गोष्ट तिने लपवली नाही. त्या दिवसांत भेटेल त्याला सांगितली, आणि सांगून तिला तसूभरही हलकं वाटलं नाही.

लग्नाआधी गेलेल्या मुलाला तिकडे तरी बायको मिळावी म्हणून आमच्याकडे टेकडीवरच्या देवळात नवरीची बाहुली ठेवतात. काचेची पेटी, आत बाहुली, शेजारी मुलाचा फोटो. तिला नाव द्यायचं, तेही मनाने रचलेलं. जिवंत बाईचं नाव चालत नाही, तोंडवळा तर नाहीच नाही; नाहीतर तिकडून तिलाच बोलावणं येतं. तोमिएच्या नवऱ्याला हे सगळं थोतांड वाटे, म्हणून सतरा वर्षं पेटी ठेवायची राहिली होती. गेल्या हिवाळ्यात तो वारला. तोमिएला सत्त्याहत्तरावं लागलं होतं, उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं. आपण गेल्यावर पोराला भाताची वाटी कोण दाखवणार, या विचाराने तिने पांढरी लोकर आणली.

बाकीचे लोक बाहुली विकत आणतात. तोमिएने ते ऐकूनही घेतलं नाही. "त्या दुकानातल्या? पिठात तोंड बुडवल्यासारख्या दिसतात. माझ्या पोराला असली नको."

एक अख्खा महिना ती ती वीतभर बाहुली घेऊन बसली होती. डोकं, धड, बोटभर हात, पांढरा किमोनो, काळ्या लोकरीचा अंबाडा. चेहरा सगळ्यात शेवटी भरला. झाल्यावर नणंदेला, कियोला, दाखवायला बोलावलं. कियोने बाहुली हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

"वहिनी, हे काय करून ठेवलंस?"

"काय झालं?"

"वर मलाच विचार. कासाईंची हारुमी आहे ही. डावी भुवई बघ, तशीच वर चढलेली, ओठाखालचा तीळसुद्धा सोडला नाहीस."

तोमिएने बाहुली खिडकीशी नेली. तपकिरी टाका तिथे बरा दिसेल, एवढंच तिला घालताना वाटलं होतं. आता तिलाही दिसलं.

"दोन पोरांची आई आहे ती," कियो म्हणाली. "ही देवळात ठेवलीस आणि उद्या तिचं काही बरंवाईट झालं, तर गावात तोंड दाखवशील का?"

तोमिएने चेहरा उसवला. पुन्हा भरला, पुन्हा उसवला. तिसऱ्या वेळी भुवया सपाट केल्या, तीळ गाळला, गाल फुगवले. कियो म्हणाली, "गालगुंड झालेली हारुमी." दोघी हसल्या, आणि मग तोमिएला रडू आवरेना.

"अगं वहिनी, दुसरी आण. त्याला काय कळतंय?"

"त्याला दुसरी नको होती," तोमिए म्हणाली.

सफरचंदांच्या शेडमध्ये कात्सुयुकी आणि हारुमी एकाच पट्ट्यावर फळं निवडायला उभे राहत. तो रोज नाणी टाकून मशीनमधून गरम कॉफीचे दोन छोटे डबे घ्यायचा आणि एक तसाच घरी आणायचा. द्यायचा धीर कधी झालाच नाही, मग तो डबा आईच्या वाट्याला. दोन हिवाळे तोमिएने हारुमीची कॉफी प्यायली. त्याने विचारलं असतं तर पोरगी हो म्हणाली असती, याबद्दल तिला कधी शंका आली नाही. तेवढ्यावर तर तिने इतकी वर्षं काढली होती.

दुसऱ्या दिवशी ती बाहुली रुमालात गुंडाळून हारुमीच्या धुलाईच्या दुकानात गेली. माफी मागायची, एवढंच कियोला सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं.

हारुमीने बाहुली पाहिली, ऐकून घेतलं, आणि तिचे हात गल्ल्यावरच थांबले. ती रागावली नाही. घाबरली.

"काकू, ही उसवाल ना? माझी धाकटी अजून सहावीत आहे हो."

"उसवते. म्हणून तर आले." तोमिए घुटमळली. "तुला तो... तो कॉफी आणायचा तुझ्यासाठी. माहीत होतं?"

"माझ्यासाठी?"

"रोज."

हारुमीने आठवून पाहिलं. "खरं सांगू का काकू? मला त्यांचा चेहरा आठवत नाही. शेडमध्ये चाळीस माणसं होती. अंत्यविधीला आम्ही सगळे आलो होतो, तेव्हा फोटो बघून कळलं, हे ते होय."

"आणि त्याने विचारलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण गल्ल्यावर तिच्याच चेहऱ्याची नवरी पडली होती, आणि हो म्हणायची तिला भीती वाटली. "मी नाही म्हणाले असते," ती म्हणाली आणि कमरेत वाकून तिने माफी मागितली. मग हळूच म्हणाली, "इथेच उसवाल का? माझ्यासमोर?"

तोमिए बाकावर बसली. टोक शोधून ओढलं तशी लोकर वेढ्यावेढ्याने सुटत गेली. मध्येच एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं, त्याला कोट देऊन हारुमी परत आली आणि कापसासाठी पिशवी धरून उभी राहिली. डोकं उसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. निघताना हारुमीने तिला दारापर्यंत पोचवलं, वाट निसरडी आहे म्हणून बजावलं. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याबद्दल तिला दोष देता येत नव्हता.

घरी येऊन तोमिएने भात लावला. पहिली वाटी देवघरात कात्सुयुकीच्या फोटोपुढे ठेवली, घंटी वाजवली, हात जोडले.

"विचारलं रे," ती म्हणाली. "नाही म्हणाली."

सतरा वर्षं तो तिच्या लेखी, विचारायचं राहून गेलेला मुलगा होता. आज तो नाकारलेला झाला, आणि तेही तिनेच केलं होतं. भात निवेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.