पाटील सरांचं विसरणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मग तुम्हालाच का सांगतेय? ते राहू द्या. ऐका.

माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षीची गोष्ट. सुरतेतल्या एका मराठी शाळेत मी शिकवायचे, आणि संध्याकाळी आमच्याच शाळेतल्या नीरूबेनबरोबर एका स्पॅनिश फादरांकडे त्यांची भाषा शिकायला जायचे. हौस, दुसरं काय! एक दिवस फादरांनी विसराळू माणसांचे शब्द दिले. देस्पिस्तादो — वेंधळा. दिस्त्राइदो — लक्ष भलतीकडे असलेला. एस्ता एन लास नुबेस — स्वारी ढगांत आहे. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पाटील सर!

पाटील सर धुळ्याकडचे. उधन्याहून बसने आमच्या शाळेत यायचे, शर्टाची बटणं खालीवर लावून. छत्री विसरायचे, डबा विसरायचे, आणि पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. माझ्यावर कुणी टाकत नव्हतं. हे कारण होतं का? असेलही. पण खरं सांगू — मजा यायची. त्यांच्या तोंडावर आम्ही स्पॅनिशमध्ये काहीबाही बोलून हसायचो, आणि आम्हाला खूश पाहून तेही हसायचे.

मग त्यांचं विसरणं मला पुरेना. मी त्यांचा चष्मा कपाटावर ठेवला. खडूचा डबा खिडकीत. ते शोधत फिरायचे, मी मनात स्पॅनिश वाक्यं जुळवायचे. आणि वार्षिक परीक्षेनंतर एका शनिवारी — सातवीच्या उत्तरपत्रिकांचा त्यांचा गठ्ठा टेबलावर होता — तो मी माझ्या पिशवीत घातला. सोमवारी ‘सापडला’ म्हणून देणार होते. नाही दिला.

कारण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हेडमास्तरांपुढे कबूल करून टाकलं. गठ्ठा बसमध्ये राहिला, म्हणे. खिडकीजवळची जागा, मांडीवर गठ्ठा, उतरताना तो बाजूला ठेवला — सगळं त्यांना आठवत होतं! खोटं नव्हते हो बोलत. खरंच आठवत होतं. ट्रस्टींना माफीचा अर्ज गुजरातीत हवा होता. सरांचं गुजराती कच्चं, म्हणून तो मीच लिहिला, सुरेख अक्षरात. ‘माझा अक्षम्य निष्काळजीपणा’ हे शब्द माझे. त्यांनी खाली सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गठ्ठा बंबात घातला, त्याच पाण्याने आंघोळ केली आणि वेळेवर शाळेत गेले.

त्यांना काढून टाकलं. गावी जाण्याआधी ते माझ्या घरी आले — अर्ज लिहून दिल्याबद्दल आभार मानायला. बायको बरोबर होती. आता ते एकटे बाहेर पडत नव्हते.

मी चहा केला. त्यांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, “बाई, काल आणखी एक आठवलं. मी उतरलो ना, तेव्हा मागून कुणीतरी हाक मारली होती. मास्तर, तुमचा गठ्ठा! आणि मी वळलोच नाही.”

मी म्हटलं, “मारली असेल.”